आत टाकलं तेव्हा टंच किती होता?

सीईटीचा निकाल लागला की सांगली-मिरज रस्त्यावरची होर्डिंग बदलतात. लग्नाचे शालू आणि सराफांच्या जाहिराती उतरतात आणि त्यांच्या जागी हसरी मुलं येतात. प्रत्येकाच्या फोटोखाली एक आकडा: कुणाचं पॅकेज 40 लाख, कुणाचं त्याहून वर. साताऱ्यात पोवई नाक्यावर वेगळं काही नाही. जाहिरात करणारी विद्यापीठं बहुतेक बाहेरची असतात, पुण्याची, वेल्लोरची, बंगळुरूची, दिल्लीला लागून असलेल्या सोनीपत-नोएडाची. गिऱ्हाईक मात्र इथलं. ऊस, द्राक्षं, बेदाणा, हळद आणि पुण्या-मुंबईच्या नोकऱ्या यांतून चार पैसे गाठीला बांधलेला वर्ग इथे आहे, आणि पोरांच्या शिक्षणाला तो हात आखडत नाही.

मग घरोघरी तुलना सुरू होते. वहीच्या पानावर, नाहीतर एखाद्या भाच्याने करून दिलेल्या एक्सेलमध्ये तीन रकाने पडतात. प्रवेशाला किती गुण लागतात, रँकिंग कितवं आहे आणि पॅकेज किती मिळतं. तिन्हींत जे वर, ते चांगलं. पद्धत मोठी शास्त्रशुद्ध दिसते. माझं म्हणणं असं आहे की हे तीन रकाने बऱ्याच अंशी एकच गोष्ट तीनदा सांगतात: आत कोणती मुलं गेली. विद्यापीठाने त्या मुलांचं काय केलं याचा पत्ता त्यातून फारसा लागत नाही.

हेच विट्याकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी माझ्याहून थोडक्यात सांगितलं. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा घेऊन देशभर पसरली आहेत. हे तमिळनाडूत असतात. मुलीच्या प्रवेशासाठी गावी आले होते. तीन विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपुस्तकं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सर, यातलं खरं कुठलं?" मी त्यांना सरासरी पॅकेज, मीडियन पॅकेज वगैरे समजावू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे भट्टीतनं निघाल्यावरचं झालं. आत टाकलं तेव्हा टंच किती होता?"

टंच म्हणजे सोन्याचा कस. प्रश्न अस्सल धंद्यातला. आधीच चोख असलेलं सोनं भट्टीत घालून चोख सोनं काढलं, तर गाळणाऱ्याचं कसब कशावरून ठरवायचं? 99 पर्सेंटाइलची मुलं वेचून घेतली आणि चार वर्षांनी ती बऱ्या पगाराला लागली, तर त्यात विद्यापीठाचा वाटा किती आणि मुलांचा, त्यांच्या घरांचा, क्लासला मोजलेल्या पैशांचा किती?

गुणांच्या रकान्यात तर तुलना करायला एक मापसुद्धा नाही. पिलानीचं बिट्स स्वतःची बिटसॅट घेतं. वेल्लोरचं व्हीआयटी स्वतःची परीक्षा घेतं आणि रँकप्रमाणे फीच्या श्रेणी पाडतं. कुणी जेईई मेनचे पर्सेंटाइल धरतं, कुणी बारावीचे टक्के. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या मागे शंभरातले किती परीक्षार्थी आहेत ते. टक्के म्हणजे शंभरातले गुण किती ते. वहीच्या पानावर हे दोन्ही एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. त्यात जागांचा हिशेब वेगळाच. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्राच्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगलं चाललेल्या कॉलेजांसाठी जागांची वरची मर्यादा काढून टाकली, तेव्हा कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो, कमी ठेवल्या की वर चढतो. शिकवणारे मास्तर तेच असतात.

निदान सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या प्रक्रियेत कटऑफ उघड तरी असतो. सीईटी सेल दरवर्षी कॉलेजवार, शाखावार, प्रवर्गवार यादी लावतो. 'जीओपीईएनएस', 'एलओबीसीएच' असली अक्षरं पहिल्यांदा बघणाऱ्याला घाम फोडतात, पण एकदा किल्ली कळली (जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुली) की शेवटचा प्रवेश कितीवर झाला ते कुणालाही वाचता येतं. स्वतःच्या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांत बहुधा पहिल्या फेरीतला आकडा माहितीपुस्तकात झळकतो. शेवटची जागा कितीवर भरली ते विचारलं की काउन्सेलर विषय बदलतो.

आत आलेल्या टंचाचा हा प्रश्न अमेरिकेत नीट अभ्यासला गेला आहे. तिथली निवडक खासगी विद्यापीठं जुनी, श्रीमंत आणि त्यांच्याभोवतीची स्पर्धा भयंकर. 2002 साली स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तुलनेची रीतच बदलली. निवडक विद्यापीठातली मुलं पुढे जास्त कमावतात हे सगळ्यांना दिसतच होतं. या दोघांनी अशी मुलं घेतली की ज्यांनी सारख्याच तोलाच्या विद्यापीठांत अर्ज केले होते आणि ज्यांना होकार-नकारही सारखेच आले होते. त्यातली काही अधिक निवडक ठिकाणी गेली, काही कमी निवडक ठिकाणी. पुढच्या कमाईत दोघांत जवळजवळ फरक निघाला नाही. अपवाद होता तो गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना निवडक विद्यापीठाचा फायदा झाला होता. पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांबाबतही तेच दिसलं.

2023 मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी हार्वर्ड-येलच्या पंक्तीतली 12 विद्यापीठं घेऊन तपासलं. नामांकित सरकारी विद्यापीठाऐवजी इथे शिकल्याने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही, पण कमाईच्या अगदी वरच्या 1 टक्क्यात पोचण्याची शक्यता साधारण दीडपट होते, असं त्यांना आढळलं. म्हणजे नावाला किंमत आहे, पण ती शेंड्यावरच्या थोड्यांसाठी. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट निघाली. प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतलं मूल तिथे शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त होती.

तिथलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणत नाही. तिथे सरकारी विद्यापीठ म्हणजे बर्कली आणि मिशिगन. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या असतात. पण ज्या मुलाच्या घरात वाटा दाखवणारं कुणी नाही त्याला चांगल्या विद्यापीठाचा उपयोग सर्वांत जास्त, हा निष्कर्ष मला इथेही पटतो. डॉक्टर बापाच्या मुलाला इंटर्नशिप कुणाच्या ओळखीने मिळते हे घरीच कळतं. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला ते वर्गमित्रांकडून, सीनियरकडून, एखाद्या जिव्हाळ्याच्या प्राध्यापकाकडून कळतं. हे लक्षात ठेवून फीकडे येऊ. त्याआधी रँकिंग थोडक्यात उरकतो.

केंद्राची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून लागते. अभियांत्रिकीसाठी तिची वाटणी अशी: शिकवणं आणि साधनं 30, संशोधन 30, पदवीनंतरचं फलित 20, सर्वसमावेशकता 10, लोकमत 10. फलिताच्या 20 मध्ये मीडियन पगाराचा वाटा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण शंभरात 5. बीटेक करून नोकरीला लागू पाहणाऱ्या मुलासाठी बाप ज्या रँककडे बघतोय, तिच्यात 30 टक्के वजन शोधनिबंध, पेटंट अशा गोष्टींचं आहे. त्या मोलाच्या आहेतच, फक्त त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही. आणि यातली बरीचशी माहिती संस्थेने स्वतः भरलेली. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ एका प्रसिद्ध यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, संस्थेने पुरवलेले आकडे जुळत नसल्याचं 2022 मध्ये दाखवून दिलं आणि त्याच वर्षी कोलंबिया अठराव्या क्रमांकावर आलं. एका वर्षात विद्यापीठ तेवढं बिघडलं का? आपल्याकडे 2025 च्या फेब्रुवारीत संस्थांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली. रँक आणि ग्रेड यांवर किती पैसा अवलंबून आहे याचा अंदाज त्यावरून यावा.

पैसा आता थेटही अवलंबून आहे. 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण शैक्षणिक कर्जासाठी संस्था निवडल्या जातात त्या एनआयआरएफमधल्या स्थानावरून. केंद्राच्या संस्था सरसकट आत. म्हणजे संस्थेने स्वतः भरलेल्या तक्त्यावर आता एखाद्या मुलाचं कर्ज ठरतं.

त्याच तक्त्याचा आपल्याला मात्र चांगला उपयोग करून घेता येतो, आणि तो फार कमी पालक करतात. एनआयआरएफसाठी भरलेली माहिती संस्थेला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात प्लेसमेंट आणि उच्च शिक्षणाचा एक तक्ता असतो. एका ओळीत डावीकडून वाचत जायचं: त्या वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलं किती, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली किती, ठरल्या मुदतीत पदवीधर झालेली किती, नोकरी लागलेली किती, नोकरी लागलेल्यांचा मीडियन पगार किती, पुढे शिकायला गेलेली किती. होर्डिंगवर येतो तो यातला एखादाच आकडा, आणि कधी कधी तोही नाही.

समजा एका संस्थेत 300 मुलं आली. वेळेत पास झाली 210. नोकरी लागली 120 जणांना, पुढे शिकायला गेली 25. नोकरी लागलेल्यांचा मीडियन पगार 6 लाख. माहितीपुस्तकात छापून येणार "मीडियन पॅकेज 6 लाख". बाप समजणार, आपलं पोरगं साधारण असलं तरी सहा लाख कुठे गेले नाहीत. पण मीडियन म्हणजे ओळीतला बरोबर मधला. ओळ इथे 120 जणांची आहे, 300 ची नव्हे. सहा लाख किंवा त्याहून जास्त मिळवणारे साधारण 60, म्हणजे आत आलेल्या पाचांतला एक. वेळेत पास न झालेली 90 मुलं आणि पास होऊनही ना नोकरीत ना शिक्षणात असलेली 65 मुलं त्या सहा लाखांत कुठेच नाहीत.

सरासरीची गंमत याहून सोपी. नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 44 लाख मिळाले तर दहांची सरासरी 8 लाख होते, आणि आठ लाख कुणालाच मिळालेले नसतात. 'हायेस्ट पॅकेज'बद्दल तर बोलायलाच नको. शिवाय हे सगळे आकडे सीटीसीचे, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचे. त्यात ग्रॅच्युइटी, जॉइनिंग बोनस, काही वर्षं टिकलात तरच मिळणारे शेअर असं काय काय कोंबलेलं असतं. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेलं दिसलं की खाली बारीक अक्षरांत 'पात्र विद्यार्थी' हे शब्द शोधावेत. दहावी-बारावी-डिग्रीला साठ टक्क्यांच्या वर आणि एकही बॅकलॉग नाही एवढेच पात्र धरले, तर शंभर टक्के गाठणं जड नाही.

पगारावर सगळंच तोलायचं म्हटलं तर दुसऱ्या बाजूनेही अन्याय होतो, हे मान्य करायला हवं. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ शिक्षण आणि सामाजिक क्षेत्रात काम करणारी माणसं घडवायचं म्हणून उभं राहिलं. त्याचे पदवीधर सरकारी शाळांबरोबर काम करायला गेले तर मीडियन पगार खालीच दिसणार, आणि ते त्याचं अपयश म्हणता येणार नाही. म्हणून शाखेशी शाखा आणि तुकडीशी तुकडी लावावी. कॉम्प्युटरच्या पगाराने सिव्हिलला हिणवू नये, आणि सगळ्या विद्यापीठाचा मिळून एकच आकडा सांगणाऱ्याला शाखेचा वेगळा मागावा.

आता फी. पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, सीईटीत चांगले पर्सेंटाइल. ती कॅपमधून कराडच्या सरकारी अभियांत्रिकीला लागली, सांगलीच्या वालचंदला लागली किंवा एखाद्या विनाअनुदानित कॉलेजला लागली, तर 2024-25 पासून तिची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के जबाबदारी राज्य सरकार घेतं. तीच मुलगी पुण्याच्या खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेली तर एक रुपयाही नाही. शासन निर्णयात ही विद्यापीठं चक्क कंसात वगळलेली आहेत. राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेचीही तीच गत.

म्हणजे वर्षाला तीन-चार लाख फी, वर हॉस्टेल आणि मेस. पंधरा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना 19,800 च्या घरात बसतो, शिकत असतानाचं व्याज वेगळं. सहा लाखांच्या पॅकेजचे हातात चाळीस-बेचाळीस हजार पडतात. हिंजवडीचं भाडं, जेवण, गावाकडे पाठवायचे पैसे यांतून हा हप्ता ओढायचा. त्यामुळे पॅकेजच्या रकान्याशेजारी हप्त्याचा रकाना नसेल तर ती तुलना अर्धीच.

सरकारने ही विद्यापीठं वगळली त्यामागे कारण आहे: त्यांची फी सरकार ठरवत नाही, मग ती जनतेच्या पैशातून का भरायची? युक्तिवाद चुकीचा नाही. परिणाम मात्र असा की ज्या मुलीला निवडक विद्यापीठाचा खरा फायदा झाला असता, नेमकी तीच बाहेर राहते. जी मुलं कुठेही गेली तरी तरली असती ती आत जातात, पुढे चांगली कमावतात आणि ती कमाई विद्यापीठाची कर्तबगारी म्हणून होर्डिंगवर चढते. गुणांवर शिष्यवृत्ती देणारी विद्यापीठं पुष्कळ आहेत. ती बहुधा चांगला कटऑफ विकत घेण्याचीच सोय असते. घरची परिस्थिती बघून फी माफ करणारी, सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारखी, थोडी. त्यांना या बाबतीत जास्त गुण द्यायला माझी हरकत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांना हा वाद नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभं केलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. निवडकपणाच्या मापाने त्या बोर्डिंगचा क्रमांक शेवटून पहिला लागला असता. याच कृष्णाकाठचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, 1983 मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली, कारण मराठी मुलं डोनेशन भरून कर्नाटकात चालली होती. त्या निर्णयाने खेड्यापाड्यांतून इंजिनियर निघाले, आणि चारच वर्षांत कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदाही करावा लागला. दोन्ही खरं आहे. खासगी म्हणून नाक मुरडणं किंवा सरकारी म्हणून डोळे झाकणं दोन्ही मला निरर्थक वाटतं. कोणी कुणाला आत घेतलं आणि त्याला कुठवर नेलं, एवढा हिशेब उघड असावा.

तो उघड करणं अवघड नाही. अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्ड नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे आणि 2015 पासून त्यावर विद्यार्थ्यांची कमाईही दिसते. सरकारी शैक्षणिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई कर खात्याच्या नोंदींवरून काढली जाते. कॉलेजला विचारायलाही जात नाहीत. आपल्याकडे आत येतानाचे पर्सेंटाइल सीईटी सेलकडे आहेत, नोकरीचा पगार भविष्य निर्वाह निधी आणि आयकराच्या नोंदींत आहे. कुणाचंही नाव न उघडता शाखावार बेरीज काढता येईल: अमुक पर्सेंटाइलची, अमुक उत्पन्नगटातली इतकी मुलं आली, पाच वर्षांनी त्यातली इतकी इतकं कमावतात. महाराष्ट्रातली खासगी विद्यापीठं विधिमंडळाच्या कायद्याने उभी राहतात, तेव्हा ही अट घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. अडचण एकच. सातारा-सांगलीतून हा प्रश्न मांडायला आमदार निवडायचा, तर आधी ज्याची किंवा ज्याच्या पाहुण्याची शिक्षणसंस्था नाही असा शोधावा लागेल.

तोवर घरातल्या घरात करण्यासारखं एक काम आहे. बरीच खासगी विद्यापीठं सीईटीचा निकाल लागण्याआधीच 'सीट ब्लॉक' करायला पैसे मागतात. आज भरले नाहीत तर जागा जाईल, असा फोन दर दोन दिवसांनी येतो. फी परताव्याचे यूजीसीचे नियम आहेत, पण घेतलेला पैसा परत काढताना किती चपला झिजतात ते भोगलेल्यांना विचारा. त्या फोनवरच्या माणसाला पैसे भरण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: या शाखेत गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती वेळेत पास झाले, आणि त्या सगळ्यांपैकी, पात्र-अपात्र सगळे धरून, किती जणांना नोकरी लागली. उत्तर आलं तर एनआयआरएफच्या तक्त्याशी ताडून बघावं. नाही आलं तर पैसे खिशातच ठेवून कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायला बसावं.